सशाची मान एका बाजूला कलली असेल तर: कारणे, उपचार आणि घरची शुश्रूषा

रात्री नीट कोथिंबीर खाल्लेला ससा सकाळी मान एका बाजूला वळवून पडलेला दिसतो. उचलायला जावे तर तो गरागरा लोळतो, पाय झाडतो, डोळे भिरभिरतात. घरातले घाबरून जातात. कोणी म्हणते लकवा मारला, कोणी म्हणते फिट आली, कोणाला वाटते मुलांनी खेळताना मान मुरगळली. आणि बऱ्याच घरांत पहिल्या तासाभरातच प्रश्न येतो, की याला इंजेक्शन देऊन झोपवून टाकायचे का?

पहिल्या दिवशी तरी याचे उत्तर 'नाही' असे आहे. दृश्य भयंकर असते, पण मान कलल्यामुळे ससा सहसा मरत नाही. तो दगावतो तो उपाशी राहिल्याने, घाईत दिलेल्या चुकीच्या औषधाने आणि आपल्याकडे उन्हाळ्यात उकाड्याने. या तिन्ही गोष्टी बऱ्याच प्रमाणात तुमच्या हातात आहेत. म्हणून या लेखात औषधांइतकीच जागा घरच्या शुश्रूषेला दिली आहे.

नेमके काय बिघडते?

शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या सर्वांत आतल्या भागात असते. तिथून निघालेली मज्जा मेंदूच्या मागच्या भागात जाते. या वाटेवर कुठेही बिघाड झाला, की एका बाजूचा संदेश चुकीचा जातो. सशाला जमीन तिरकी झाल्यासारखी वाटते आणि तो मान कलवून ती सरळ करू पाहतो. लोळणे हाही तोल सावरण्याचा फसलेला प्रयत्न असतो, ती फिट नव्हे. बुबुळे एका लयीत डावीउजवीकडे हलताना दिसतात, तेही याच कारणाने. तुम्हाला कधी चक्कर आली असेल तर पलंग फिरल्यासारखा वाटतो ना, तेच सशाला तासन्‌तास वाटत असते.

मानेचा सांधा किंवा स्नायू बहुतेक वेळा ठणठणीत असतो. म्हणून मान चोळणे, शेकणे, ओढून सरळ करणे यांचा उपयोग नाही. उलट घाबरलेला ससा जोरात उसळी मारतो आणि त्याचा नाजूक कणा मोडू शकतो.

कारणे

पाळीव सशांत दोन कारणे सर्वाधिक आढळतात. पहिले म्हणजे कानातला जंतुसंसर्ग. पाश्चुरेला, स्टॅफिलोकॉकस यांसारखे जीवाणू नाकाघशातून मध्यकर्णात आणि तिथून अंतर्कर्णात पोहोचतात. सशाचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो. तो वाहून बाहेर येत नाही आणि औषधही त्यात सहज शिरत नाही. त्यामुळे उपचार आठवड्यांनी मोजावे लागतात. लोंबत्या कानांच्या जातींत हा त्रास जास्त होतो. कानातल्या खरजेच्या किड्यांमुळेही अशा संसर्गाला वाट मिळते.

दुसरे कारण एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा अतिसूक्ष्म परजीवी. १९२२ साली लहान सशांच्या अर्धांगवायूचा अभ्यास करताना तो प्रथम लक्षात आला. पूर्वी त्याला आदिजीव समजत, आता त्याची गणना बुरशीच्या कुळाजवळ करतात. बाधित सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू बाहेर पडतात, चाऱ्याला किंवा पाण्याला लागतात आणि दुसऱ्या सशाच्या पोटात जातात. आईकडून गर्भातल्या पिल्लांनाही लागण होते. पुढे तो मेंदू, मूत्रपिंड आणि कधी डोळ्याच्या भिंगात ठाण मांडतो. अनेक ससे हा परजीवी जन्मभर बाळगून धडधाकट राहतात. प्रवास, नवे घर, दुसरा आजार अशा ताणानंतर एखाद्यात तो डोके वर काढतो. त्यामुळे 'आमचा ससा तर घराबाहेर गेलाच नाही' हे खरे असले, तरी हे कारण बाद होत नाही.

बाकीची कारणे कमी वेळा दिसतात: उंचावरून पडणे, दरवाज्यात सापडणे, जुन्या रंगाचे पापुद्रे कुरतडून झालेली शिशाची विषबाधा, मेंदूतली गाठ किंवा गळू.

एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. मराठवाड्यात शेतात सापडलेला रानससा घरी आणून पाळण्याचे प्रकार होतात. रानससा ही वेगळी प्रजाती आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. जखमी रानससा मिळाला तर घरी उपचार करत बसू नका, वनविभागाला कळवा.

पहिले चोवीस तास

ससा लोळत असेल तर त्याला मोठ्या पिंजऱ्यात ठेवू नका, जाळीवर आपटून तो डोळा फोडून घेतो. पुठ्ठ्याचे खोके किंवा प्लास्टिकचा टब घ्या, तळाशी जाड घडी घाला आणि चारी बाजूंनी गुंडाळलेले टॉवेल लावा. जागा इतकी अरुंद असावी, की ससा कुशीवर टेकून राहील पण उलटणार नाही. ज्या बाजूला लोळतो त्या बाजूचा टॉवेल अधिक जाड ठेवा. खोली शांत हवी, उजेड मंद असावा. मात्र पूर्ण अंधार करू नका, कारण कान दगा देतो तेव्हा ससा डोळ्यांच्या आधारानेच तोल शोधतो.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली घ्या आणि त्याला स्वतःच्या अंगाला घट्ट टेकवून धरा. सैल धरलेला ससा जास्त लोळतो. कान धरून उचलणे तर कधीच नको.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. रिक्षातून नेताना हेच खोके मांडीवर घ्या, धक्के कमी लागतात. निघण्यापूर्वी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून ठेवा. दवाखान्यात घाबरून ससा पुष्कळदा निपचित बसतो आणि घरी दिसलेले लोळणे तिथे दिसत नाही. शेवटचे खाणे कधी, शेवटच्या लेंड्या कधी, गेल्या महिन्यात काय काय औषध दिले, हे कागदावर लिहून न्या.

छत्रपती संभाजीनगरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने बरेच आहेत, पण सशांवर नेहमी उपचार करणारे पशुवैद्यक कमी. फोनवर आधीच विचारा. गुंतागुंतीच्या केससाठी परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि मुंबईत परळचे महाविद्यालय आहे. तरीही लोळणाऱ्या, उपाशी सशाला पहिल्याच दिवशी परभणी-मुंबईचा प्रवास घडवू नये असे मला वाटते. आधी गावातल्या डॉक्टरांकडून सलाइन, वेदनाशामक आणि भोवळीचे औषध देऊन त्याला स्थिर करा, पुढचे नंतर ठरवता येते.

डॉक्टर काय तपासतील?

कानात दुर्बीण घालून पू, किडे, पडद्याची अवस्था पाहतील. बुबुळे आडवी हलतात की उभी, चेहऱ्याची एक बाजू सैल पडली आहे का, पाय नीट टेकतात का, यावरून बिघाड कानात की मेंदूत याचा अंदाज येतो. बुबुळे उभी हलत असतील तर संशय मेंदूकडे जातो. कवटीच्या एक्स-रेमध्ये मध्यकर्णातला जुना पू कधी दिसतो, कधी दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये तो नीट कळतो, पण जनावरांसाठी ही सोय मोठ्या शहरांपुरतीच आहे.

परजीवीसाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी असते. ती सकारात्मक आली, तर सशाचा त्या परजीवीशी कधीतरी संबंध आला एवढेच सिद्ध होते. आजचा आजार त्यानेच झाला हे त्यावरून ठरत नाही. चाचणी नकारात्मक आली तर मात्र ते कारण बरेचसे मागे पडते. मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी क्रिएटिनिन आणि युरिया तपासून घेणे चांगले.

खात्रीशीर निदान हाती नसल्यामुळे बरेच पशुवैद्यक दोन्ही कारणांवर एकदम उपचार सुरू करतात. याला अंदाजपंचे समजू नका. वाट पाहण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत, म्हणून हा मार्ग घेतला जातो.

औषधे

परजीवीसाठी फेनबेंडाझोल वापरतात. रूढ मात्रा वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सलग २८ दिवस. हे औषध पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात सहज मिळते आणि धोका इथेच आहे. गाई-म्हशींसाठीची एक मोठी गोळी १.५ ग्रॅमची, म्हणजे १५०० मिलिग्रॅमची असते. दीड किलोच्या सशाची रोजची मात्रा ३० मिलिग्रॅम. म्हणजे त्या एका गोळीत पन्नास दिवसांचे औषध आहे. 'चिमूटभर' हे माप इथे चालत नाही. जास्त मात्रेने अस्थिमज्जा दबते आणि रक्तपेशी घटतात. नेमून दिलेल्या मात्रेतही क्वचित हे घडते, म्हणून मध्ये एकदा रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टरांकडून पातळ औषध मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि एक मिलिलिटरच्या सिरिंजने मोजा.

फेनबेंडाझोल परजीवीची वाढ रोखते. मेंदूत आधी झालेली सूज त्याने लगेच उतरत नाही, त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडू नका.

कानाच्या संसर्गासाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी प्रतिजैविके चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त द्यावी लागतात. वेदना आणि सुजेसाठी मेलॉक्सिकॅम देतात, मात्र ससा कोरडा पडलेला असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते जपून. भोवळ कमी करणारी औषधेही आहेत. स्टेरॉइडबद्दल मतभेद आहेत. सशाची प्रतिकारशक्ती त्याने चटकन खाली येते आणि दडलेला संसर्ग उसळतो, त्यामुळे सबळ कारणाशिवाय ते टाळलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात उरलेले लहान मुलांचे प्रतिजैविकाचे सिरप सशाला पाजू नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिन्कोमायसिन ही औषधे आणि तोंडाने दिलेले पेनिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारून टाकतात. मग घातक जीवाणू वाढतात, त्यांचे विष रक्तात जाते आणि ससा काही दिवसांत जुलाबाने मरतो. पेनिसिलिन सशाला देतात, पण फक्त इंजेक्शनने आणि डॉक्टरांच्या हातून. रविवारी दवाखाना बंद म्हणून 'थोडेसे' सिरप देण्यापेक्षा त्या दिवशी काहीच प्रतिजैविक न देणे सुरक्षित आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवाराही सशाला विषारी ठरतो.

कानात कोमट तेल घालण्याची आपल्याकडे सवय आहे. पडदा फाटलेला असेल तर ते तेल थेट आत जाते. जेंटामायसिनसारखे ड्रॉप्सही अशा वेळी अंतर्कर्णाला इजा करतात. पडदा तपासल्याशिवाय कानात काहीच घालू नका, कापसाचा बोळा फिरवलेली काडीसुद्धा नको.

भरवणे

सशाचे आतडे सतत चालू राहायला हवे. दहा-बारा तास पोट रिकामे राहिले की ते मंदावते, गॅस धरतो, यकृतावर चरबी चढते. भोवळ आलेल्या सशाला भूक असते, पण चारा तोंडाशी नेता येत नाही. म्हणून आधी चारा त्याच्याकडे न्या. हरळी, मारवेल किंवा टिमोथी गवताच्या काड्या, कोथिंबीर, मुळ्याचा पाला हातात धरून ओठांना लावा. पुष्कळ ससे मान वाकडी ठेवूनच कराकरा चावू लागतात. तो आवाज ऐकला की निम्मी काळजी मिटते.

तो खात नसेल तर सिरिंजने भरवा. सशांसाठी मिळणारी गवताची भुकटी उत्तम. ती नसेल तर सशाचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, गाळून पातळ पेज करा. दिवसभरात किलोला साधारण ५० मिलिलिटर, चार-पाच वेळा विभागून द्या. ससा पोटावर बसलेला असावा, टॉवेलमध्ये गुंडाळून, छाती टेकवून. कधीही पाठीवर नाही. सिरिंजचे टोक पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घाला, अर्धा-एक मिलिलिटर सोडा, चावून गिळेपर्यंत थांबा. घाई केली की पेज फुप्फुसात जाते. नाकातून पेज आली किंवा श्वासाला घरघर लागली तर भरवणे लगेच बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा.

ससा उलटी करू शकत नाही, पोटात गेलेले पुढेच सरकते. त्यामुळे शक्ती यावी म्हणून दूध, बिस्किट, पोळी, भिजवलेले हरभरे देऊ नका. स्टार्च आणि साखरेने आतड्यात नवा बिघाड उभा राहतो. लसूणघासही मोठ्या सशाला चिमूटभरच, कारण त्यात कॅल्शियम जास्त असते.

पाण्याची बाटली तोंडाला लावणे जमत नाही. जड, बुटक्या वाटीत पाणी ठेवा आणि पाला ओला करूनच द्या. रोज लेंड्या मोजा म्हणणार नाही, पण आकार पाहा. लहान, कोरड्या, कमी झाल्या तर आतडे मंदावते आहे. रात्रीच्या मऊ लेंड्या ससा एरवी गुदद्वारातून थेट खातो. आता त्याला तिथवर वाकता येत नाही. त्या अंथरुणात सापडल्या तर तोंडाजवळ धरा, किळस करू नका. ते त्याचे जीवनसत्त्वांचे जेवण आहे.

अंथरूण आणि खालचा डोळा

ज्या बाजूला मान कलली त्या बाजूचा डोळा अंथरुणाला घासतो आणि कधी नीट मिटतही नाही. बुबुळावर जखम होऊन डोळा जाऊ शकतो. ओलावा टिकवणारे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स दिवसातून चार-पाच वेळा घाला. डोळा निळसर, पांढुरका दिसला किंवा घट्ट मिटलेला राहिला तर त्याच दिवशी दाखवा. स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स विचारल्याशिवाय घालू नका, जखम असेल तर ती खोल होते.

खाली जुनी सुती गोधडी आणि वर शोषणारे कापड ही जोडी चांगली. गोधडीचे सुटे दोरे मात्र कापून टाका, नखे अडकतात आणि ससा ते चावतो. फरशी नको, पाय घसरले की भोवळ वाढते. लघवीत भिजलेली कातडी दोन-तीन दिवसांत सोलवटते. मागचा भाग कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडा करा, आंघोळ घालू नका. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा रोज चादरी धुणे जमणार नाही हे मान्य. वर्तमानपत्राच्या घडीवर एक सुती कापड घातले तर फक्त ते कापड बदलता येते.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या आसपास असतो. सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता सोडतो आणि तिशीपुढचे तापमान त्याला जड जाऊ लागते. धडधाकट ससा थंड फरशी शोधतो. लोळणारा ससा टॉवेलांच्या गादीत अडकलेला असतो, त्याला हलताच येत नाही. दुपारी गच्चीखालच्या खोलीत त्याला ठेवू नका. कूलर चालू असेल तर खोली बंद नको, वारा थेट अंगावर नको. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कुशीला ठेवा, दुसरी कूस मोकळी ठेवा. वीज गेली तर कान पाण्याने ओले करा. तोंड उघडे टाकून श्वास, गरम लाल कान, लाळ ही उष्माघाताची लक्षणे आहेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्यात घेऊन दवाखान्यात न्या. दवाखान्याची वेळ सकाळची किंवा दिवेलागणीची मागून घ्या.

किती दिवस?

पहिला आठवडा सर्वांत वाईट जातो. सुधारणा होते तेव्हा आधी लोळणे थांबते, मग बुबुळांचे हलणे, मग ससा भिंतीचा आधार घेत चार पावले टाकतो. मान सर्वांत शेवटी सरळ होते, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. काहींची ती थोडी तिरकी राहतेच. तसे ससे खातात, हिंडतात, स्वतःचे अंग चाटतात. तिरकी मान हे दुखणे उरत नाही, नुसती ठेवण उरते.

लोळणे थांबल्यावर रोज पाच-दहा मिनिटे सतरंजीवर मोकळे सोडा. पाला कललेल्या बाजूच्या विरुद्ध धरा, म्हणजे तो स्वतः मान वळवेल. जोडीदार ससा असेल आणि तो त्रास देत नसेल तर जवळ बसू द्या. ताण आला की आजार उलटू शकतो, म्हणून या महिन्यांत घर रंगवणे, नवा प्राणी आणणे टाळा.

झोपवण्याचा निर्णय कधी? उपचार नीट चालू असूनही दोन-तीन आठवड्यांत लोळणे अजिबात कमी होत नाही, ससा हाताने दिलेलेही खात नाही, अंगावर जखमा पडत आहेत, किंवा मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, अशा वेळी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. तेव्हा तो निर्णय घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. रात्री दर तीन तासांनी उठून भरवणाऱ्या माणसाची दमछाकही खरी असते, ती डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

घरातली माणसे आणि दुसरे ससे

हा परजीवी निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा केमोथेरपी घेणारे कोणी घरात असेल तर सशाची लघवी आणि अंथरूण त्यांनी हाताळू नये. इतरांनी हात साबणाने धुवावेत, मुलांनी तर नक्कीच.

दुसऱ्या सशांच्या वाट्या वेगळ्या करा आणि चारा जमिनीवर टाकण्याऐवजी टांगून द्या. बीजाणू कोरड्या जागीही काही आठवडे टिकतात, पण उकळते पाणी, ७० टक्के अल्कोहोल किंवा पातळ केलेले ब्लीच त्यांना मारते. ब्लीच वापरल्यावर जागा धुऊन, वाळवून मगच ससा ठेवा. लक्षणे दिसेपर्यंत सोबतच्या सशाला बहुधा लागण झालेलीच असते. त्याला कधी आणि काय औषध द्यायचे हे डॉक्टरांना विचारा, आजारी सशाच्या बाटलीतले उरलेले त्याला पाजू नका. नवा ससा आणाल तेव्हा महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा दोन्ही कानांत टॉर्च मारून पाहा: आतली कातडी गुलाबी आणि कोरडी असावी, खपली, वास किंवा पांढरा थर नसावा.